दाराकडे तोंड करून

माझ्या पोटावर आज बोटभर लांबीचा एक व्रण आहे, आणि तो दिसला की मला आमच्या खोलीतले थोरले भाऊ आठवतात. काय झालं ते सांगतोच, पण आधी माणूस सांगायला हवा. कारण अख्ख्या कुवेतमध्ये, खरं तर अख्ख्या आखातात, त्यांच्याइतका सज्जन आणि त्यांच्याइतका भित्रा गुंड दुसरा सापडायचा नाही. गुंड हे त्यांचं स्वतःबद्दलचं मत. आम्हाला ते शुवैख भागातल्या एका स्पेअर पार्टच्या गोदामात खोकी उचलणारे, पन्नाशी ओलांडलेले, दोन्ही गुडघे कामातून गेलेले कोल्हापूरकडचे गृहस्थच दिसायचे. खोलीत झुरळ निघालं की ते खाटेवर चढून बसत आणि आम्हाला हाक मारत. पण त्या हाकेला आवाज असा लावत, की आपण भिऊन हाक मारत नसून पोरांना मोहिमेवर धाडतो आहोत असं वाटावं.

या सगळ्याचं मूळ एका पिक्चरमध्ये होतं. गोदामातल्या एका फिलिपिनो सोबत्याने तो त्यांना पेनड्राइव्हवर दिला होता. हाँगकाँगचा, कँटोनीज भाषेतला. बंदरावरच्या टोळीतले दोन गुंड, एक थोरला, एक धाकटा. सख्खे नाहीत, पण एकमेकांसाठी जीव टाकतात. गोष्ट एवढीच, बाकी सगळी मारामारी. खाली अक्षरं उमटायची तीसुद्धा चिनी. त्यामुळे दर शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, खैतान भागातल्या आमच्या खोलीत आम्ही भिंतीला उशा लावून बसायचो आणि भाऊ सगळ्यांचे संवाद स्वतः मराठीत म्हणायचे. पोलीस, मासेवाल्या, टोळीचा म्हातारा म्होरक्या, झाडून सगळे कोल्हापुरी बोलायचे. म्होरक्या पिस्तूल रोखून बराच वेळ दातओठ खात काहीतरी बोलला, की भाऊ शांतपणे सांगत, "ह्यो म्हणतोय, आलाईस तर जेवून जा." एकदा मी धीर करून म्हणालो, "भाऊ, मागच्या शुक्रवारी हा दुसरंच काहीतरी म्हणाला होता." भाऊंनी पडद्यावरची नजर काढली नाही. "त्याचं मन बदललंय," म्हणाले.

आम्ही तो पिक्चर करमणूक म्हणून बघायचो. कामाने अंग आंबलेलं असायचं, तेवढाच विसर. भाऊंनी मात्र तो कायदा म्हणून घेतला होता. पिक्चरमध्ये धाकट्यावर लिफ्टमध्ये हल्ला होतो, म्हणून भाऊ लिफ्टमध्ये पाय ठेवत नसत. आमची खोली वरच्या मजल्यावर; दिवसभर खोकी उचलून आलेला हा माणूस कठड्याला धरून, एकेका पायरीशी भांडत जिना चढायचा आणि वर पोचल्यावर घाम पुसत म्हणायचा, "आज वाचलो." पिक्चरमध्ये कुणीतरी सूपमध्ये विष कालवतं, म्हणून खोलीतल्या सामायिक आमटीची पहिली वाटी भाऊ चाखून बघत. खात्री पटेपर्यंत त्यांना दोन वाट्या लागत. आणि सगळ्यांत मोठा कायदा दाराचा. पिक्चरमधला थोरला जेवायला बसतो तो नेहमी दाराकडे पाठ करून, कारण समोर धाकटा असतो आणि दार धाकटा बघतो. पाठ सोपवायची ती विश्वासाच्या माणसाकडेच, असं भाऊ म्हणत.

मी नववीत शाळा सोडून एसीचं काम शिकलो आणि तेवढ्याच भांडवलावर इथे आलो. स्वभावाने घाबरट. ऑफिसचा फोन आला की वाटतं, संपलं, परत पाठवणार. कुठेही बसलो तरी माझी नजर दारावर. कोण येतो, कागद मागतो का, याचीच धास्ती. खोलीतले बाकीचे यावरून मला चिडवायचे. भाऊंनी मात्र पहिल्याच आठवड्यात मला हेरलं. खैतानमधल्या मलबारी हॉटेलात मला दाराच्या समोरच्या खुर्चीवर बसवलं, स्वतः दाराकडे पाठ करून बसले आणि म्हणाले, "दाराला तुझ्यासारखाच माणूस पायजे गड्या. बिनधास्त माणूस काय कामाचा? त्यो ताटातच बघत बसणार." माझ्या भित्रेपणाला कुणी नोकरी दिली ती पहिली आणि शेवटची. मीही ती मनापासून केली. "भाऊ, एक पोरगा आला. पार्सल न्यायला आलेला दिसतोय." "यिऊ दे," भाऊ पराठा मोडत म्हणायचे.

मग ते पोटाचं झालं. उन्हाळा कडक होता, काम भरपूर होतं, आणि मी दुखणं अंगावर काढत राहिलो. सुट्टी मागितली तर माझी गरज नाही हे कंपनीच्या लक्षात येईल, ही भीती. शेवटी शनिवारी दुपारी एका गच्चीवर युनिट उघडता उघडता मी आडवा झालो. शुद्धीवर आलो तेव्हा हॉस्पिटलात होतो. अपेंडिक्स, सकाळी ऑपरेशन, उशीर आधीच झालाय, असं डॉक्टर म्हणत होते, आणि पायाशी भाऊ उभे होते, चार जिने चढून आलेले, धापा टाकत. नर्स नाशिककडची निघाली. तिने विचारलं, "काका, तुम्ही यांचे कोण?"

"भाऊ."

"आडनावं वेगळी आहेत. सख्खे का?"

"सख्ख्याच्या वर."

"तसा रकाना नाहीये इथे," ती म्हणाली, पण हसली, आणि 'मित्र' असं लिहून तिने त्यांना राहू दिलं.

सकाळी मला आत न्यायची वेळ होत आली, तेव्हा मी पार घाबरून गेलो होतो. आईला कळवलं नव्हतं. परत डोळे उघडलेच नाहीत तर तिला कोण सांगणार आणि काय सांगणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. भाऊंनी एक प्लास्टिकची खुर्ची ओढली, माझ्याकडे पाठ केली आणि दाराकडे तोंड करून बसले. औषधांची ट्रॉली घेऊन आलेल्या वॉर्डबॉयला त्यांनी असं न्याहाळलं की तो बिचारा सलाम करून गेला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तो रविवार होता, इथल्या ऑफिसांच्या आठवड्याचा पहिला दिवस, आणि माझ्या तेव्हाच ध्यानात आलं की हा त्यांचा रविवार होता. किती वर्षं ते मागे लागले होते, आणि त्या दिवसापासून त्यांना गोदामातून काढून दुकानाच्या काउंटरवर घेणार होते. एसीत बसून पावत्या फाडायच्या, खोकी नाहीत, जिना नाही. गुडघ्यांसाठी त्यांनी जिवाच्या आकांताने मागून घेतलेली जागा. मुदीर, म्हणजे त्यांचा मॅनेजर, फोनवर मोठ्याने बोलत होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"आज काउंटर पे बैठना था ना तुमको?"

"भाई का ऑपरेशन है, साब."

"आज नहीं आया तो कुर्सी दूसरे को जाएगा. फिर मेरे को मत बोलना."

मी म्हणालो, "भाऊ, जा तुम्ही. मी बघतो माझं."

भाऊंनी फोन खिशात टाकला. "तू काय बघणार? तुला आडवं घालणारेत." मग बसल्या खुर्चीवर थाप मारून म्हणाले, "खुर्ची हाय की ही. गप पड. आज दार माझ्याकडं."

डोळे उघडले तेव्हा आधी त्यांची पाठच दिसली. घामाने भिजून वाळलेला शर्ट, आणि पलीकडे दार. त्यानंतर मला पहिल्यांदा सूप मिळालं, ते आधी त्यांनी चाखलं. वाटीच्या तळाशी जे उरलं ते मी प्यायलो. नर्स म्हणाली, "काका, पेशंट ते आहेत."

काउंटरची खुर्ची दुसऱ्याला गेली. भाऊ आणखी दोन उन्हाळे खोकी उचलत राहिले. त्या विषयावर मी कधी तोंड उघडलं की ते म्हणायचे, "पावत्या फाडायला काय मर्द लागतोय व्हय?" आणि जिन्याच्या पहिल्याच पायरीवर थांबायचे. मग एक दिवस गुडघे खरोखरच थकले आणि ते गावी गेले. जाताना पेनड्राइव्ह माझ्या उशीखाली ठेवून गेले. मी तो लावून बघितला एकदा. सगळे चिनीत बोलतात, काही कळत नाही.

शुक्रवारी अजूनही त्या मलबारी हॉटेलात जातो आणि सवयीने दाराकडे तोंड करून बसतो. वेटर समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारतो, "कोई आएगा?" मी मान हलवतो, आणि तो ती खुर्ची दुसऱ्या टेबलाला नेतो.

फोनवर भाऊ सांगतात की डॉक्टर दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन म्हणतोय, पण ते पुढे ढकलतात. कारण विचारलं तर म्हणतात, "दाराशी कोण बसणार?" थट्टेत म्हणतात, पण फोन ठेवायच्या आधी तेच पुन्हा एकदा विचारतात.

भाऊ, तुम्ही तारीख घ्या. सुट्टी मागायची मला अजून भीती वाटते, पण मी मागेन, आणि नाही दिली तरी येईन. हॉस्पिटल कितव्याही मजल्यावर असू दे, जिन्याने येईन. सूप आधी मी चाखेन. आणि तुम्ही डोळे उघडाल तेव्हा दाराकडे तोंड करून मी बसलेला असेन.