पांढऱ्या पेशींची बाई

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी पांढऱ्या पेशी फोडते. पेशीने जंतू गिळला की तिच्या पोटात त्या जंतूभोवती इवलीशी पिशवी तयार होते, आणि ‘शत्रू आत आलाय’ हा निरोप त्या पिशवीच्या भिंतीवरूनही निघतो. तो कोण नेतं, कुठे अडतो, हे बघायचं तर पिशवी अख्खी बाहेर काढावी लागते. म्हणून आम्ही पेशींना जंतूंऐवजी लोहचुंबकाला चिकटणारे बारीक मणी खाऊ घालतो, मग पेशी फोडतो आणि चुंबकाने पिशव्या ओढून घेतो. जोर कमी पडला तर पेशी फुटत नाही, जास्त झाला तर पिशवीसुद्धा फुटते. माझी बहुतेकदा पिशवीच फुटायची.

आमचं गाव वेल्ह्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. दिवाळीला घरी गेले तेव्हा थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे नानांनी, विचारलं म्हणून हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यातला ओळखीचा एक शब्द तेवढा उचलला. आमच्याकडे पेशी म्हणजे कचेरीतली सुनावणी. दुसऱ्या दिवशी एसटी थांब्यावरच्या चहाच्या टपरीत बातमी पोचलेली होती: “आमची पोरगी पुण्यात पेश्या फोडती.”

नानांचा आणि शेजारच्या आबांचा बांधावरून वाद होता. आबांनी बांध सरकवला, असं नाना म्हणत. नानांनी सरकवला, असं आबा म्हणत. बांध काही बोलत नव्हता. कचेरीत पेशी लागायची आणि पुढे ढकलली जायची. कुठली कचेरी ते सांगत नाही. तशा पुष्कळ असतात.

सुट्टी संपायच्या आधी नाना म्हणाले, “माज्याबरं चल. बोलायचं काय न्हाई, नुस्तं बसायचं. त्यो गळ्यातला पट्टा तेवडा घाल.”

पट्टा म्हणजे संस्थेचं ओळखपत्र. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला सोबत हवी असेल. घातला.

कचेरीतल्या कारकुनांनी आधी पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आपण कुठून?”

“पुण्याहून. मी पेशींवर संशोधन करते.”

त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. “पेशींवर? किती बघितल्या असतील?”

“कोट्यवधी.”

“बापरे! आणि काय आढळतं?”

आमच्या कामाबद्दल इतक्या आस्थेने मला कधीच कुणी विचारलं नव्हतं. माझे मार्गदर्शकसुद्धा फक्त “झालं का?” एवढंच विचारतात. मी खुलले. म्हटलं, “बाहेरून सगळं ठीक दिसतं हो. पण निरोप आतल्या आतच अडकतो. कुणाजवळ अडकतो ते कळायला आतली पिशवी बाहेर काढावी लागते.”

कारकुनांनी मागच्या कपाटावरच्या, प्रकरणांचे कागद बांधलेल्या कापडी गाठोड्यांकडे पाहिलं. “म्हणजे... फोडून बघता?”

“हो. त्याशिवाय पुरावा कसा मिळणार?”

“आणि अहवाल?”

“मार्गदर्शकांकडे. मग दिल्लीला. पैसा तिकडूनच येतो ना.”

कारकून उठून आतल्या खोलीत गेले. मला खुर्ची आली, पंखा लागला, चहा आला, आणि चहामागोमाग साहेब स्वतः बाहेर आले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी घाईघाईने म्हणाले, “साहेब, गैरसमज होतोय. माझ्या पेशी रक्तातल्या आहेत.”

“आमच्याही रक्तातच आहेत, मॅडम,” साहेब अदबीने म्हणाले. “सेवेत आयुष्य गेलं.”

“नाही, मी जीवशास्त्र...”

“कळलं. गुप्त असतं. आम्ही काही विचारणार नाही.”

त्या दिवशी नानांची पेशी ढकलली गेली नाही. प्रकरण कपाटातून निघालं, दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं, मोजणीचा आदेशही झाला. परतताना टेम्पोत नाना इतके खूश होते की अनोळखी माणसांना सुपारी देत होते. मी मात्र चिडून खिडकीबाहेर बघत बसले होते. मी जे बोलले त्यातला एक शब्द खोटा नव्हता, आणि कुणालाही त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं.

मोजणी झाली. बांध नानांनीच सरकवलेला निघाला.

मे महिन्यात गावी गेले तर आबा आमच्या ओट्यावर बसलेले, शेजारी तांदळाची गोणी. नाना आतल्या खोलीत होते आणि त्यांचा बाहेर यायचा विचार दिसत नव्हता.

“सक्क्या चुलत्याच्या इरोदात गेलीस, पर न्याय केलास,” आबा म्हणाले. “समदं गाव म्हणतंय, लई कडक बाई हाय.”

मी त्यांच्यासमोर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं: जंतू, पिशवी, मणी, लोहचुंबक. कचेरीत जे झालं त्यात माझा काडीचा हात नव्हता, हेही सांगितलं. आबांनी मधे न बोलता ऐकून घेतलं. गावात एवढ्या सबुरीने दुसऱ्या कुणीच ऐकलं नसतं. मला बरं वाटलं.

“म्हंजी तू कचेरीतली न्हाईस?”

“नाही आबा.”

“व्हय, व्हय.” त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आमी कुणाला सांगत न्हाई. पर माज्या मेव्हण्याची पेशी हाय भोरला. तितं नुस्ती येऊन बस.”