काठोकाठ भरलेला गडू

जवळ सरक गं जरा. लिहून बोलतेय म्हणून काय झालं, शेजारी बसल्यासारखं वाच. आधी तुला रागवायचंय. परवा फोनवर काय म्हणालीस? "आजी, ते कण, उष्णता, घनता पाठ करून पास व्हायचं, घरात त्याचा काय उपयोग?" असं बोलू नये बाई. माझी दोन वर्षांची शाळा त्या कणांमुळेच वाचली.

मध्यभारत जाऊन मध्य प्रदेश व्हायचा होता, त्या वर्षीची गोष्ट. वडील उज्जैनच्या एका सरकारी कचेरीत कारकून. कचेरी भोपाळला जाणार की इथेच राहणार, रोज तीच चर्चा. मी सातवीची परीक्षा दिली होती. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, आमच्याकडेच राहायची. घरात शब्द तिचा चाले.

आत्या थंडीत काशीला जाऊन आली. येताना गंगेचा गडू आणला. तांब्याचा छोटासा, तोंडावर टांका लावून पक्का बंद केलेला. आपल्याकडे काशीहून आलं की मावंदं घालतात, गंगेची पूजा करतात, मग गडू फोडून तीर्थ वाटतात. मावंदं ज्येष्ठात ठरलं. तोवर गडू देवघरातल्या फळीवर. फळीच्या वर पत्रा, भिंतीपलीकडे चूल.

शेवटचा पेपर देऊन मी घरी आले आणि शाळेच्या कपड्यांनीच गडूला हात लावला. वर्गात बाईंनी सांगितलं होतं, तापलं की पदार्थाचे कण जास्त हलतात. मला बघायचं होतं, गडू तापलाय का. चांगलाच तापला होता. आत्यानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी टांका उकलला आणि गंगा फळीवरून ओघळली.

"ओवळ्यानं शिवलीस! गंगा राहील कशी?" आत्या म्हणाली. मग वडिलांकडे वळली. "पोरीची शाळा पुरे झाली रे. जुलैपासून घरात बसू दे."

वडील म्हणाले, "बघू, अक्का." आमच्याकडे 'बघू' म्हणजे ठरलंच.

मी म्हटलं, "पाणी तापून फुगलं असेल. कण मोठे होतात."

"कण?" आत्या म्हणाली. "गंगेला कण असतात होय? मोज बघू किती आहेत ते!"

मी पुस्तक उघडलं, तर मीच चुकले होते. कण मोठे होत नाहीत, तेवढेच राहतात. जास्त हलतात, एकमेकांपासून थोडे दूर सरतात, म्हणून जागा जास्त लागते. वजन तेच, जागा जास्त, म्हणून घनता कमी. पण आत्याला पुस्तक दाखवून काय होणार? करून दाखवायला हवं. घरातला दुसरा गडू घेतला, क्षिप्रेच्या पाण्यानं काठोकाठ भरला आणि तसाच टांका लावून त्याच फळीवर ठेवायचा म्हणून वडिलांना घेऊन देवास गेटला टांकेवाल्याकडे गेले.

त्यानं गडू हातात घेतला आणि सरळ थोडं पाणी ओतून टाकलं.

"अरे भैया, पूरा भरना है!" मी ओरडले.

"बिटिया, उंगलीभर खाली रखते हैं," तो म्हणाला. "गर्मी में पानी पसरता है. जगह नहीं मिली तो टांका तोड़ के निकलेगा."

सातवी शिकलेली मी, आणि शाळेचं तोंड न पाहिलेला तो. प्रयोग तिथेच संपला. वडिलांनी घरचा गडू कसा उकलला ते सांगितलं. त्यानं मान हलवली. "टांके का दोष नहीं बाबूजी, भरनेवाले का है."

घरी येऊन वडिलांनी ते जसंच्या तसं आत्याला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

मग म्हणाली, "काशीच्या माणसानंही ओतलं होतं थोडं. मी भांडले त्याच्याशी. एवढ्या लांब यायचं आणि गंगा अपुरी न्यायची? पुन्हा काठोकाठ भरायला लावला."

तेवढंच. माझ्याशी त्या विषयावर ती कधी बोलली नाही. मावंदं झालं, गडूत उरलं होतं तेवढंच तीर्थ चमचा चमचा वाटलं. आणि जूनच्या शेवटी एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुझं ते कणांचं पुस्तक चुलीपाशी पडलंय. उचल. तेल लागलं तर शाळेत काय नेशील?"

पुढे दोन वर्षं शाळा झाली, मग लग्न. बाकीचं मी घरीच वाचून शिकले, तुझ्या आईच्या पुस्तकांतून सुद्धा. कचेरीचं विचारशील तर ती उज्जैनलाच राहिली.

तो उकललेला गडू माझ्याकडे आहे. टांक्याची फट अजून दिसते, बोट फिरवलं की नखाला लागते. पत्रात दाखवता येत नाही बाई. परीक्षा झाली की बस धर आणि ये. ऊन फार चढायच्या आत ये, लवकर ये.