सुजीचं मेलेलं टोकन

पहिलेच सांगून टाकते... भूत, भानामती, अंगात येणं, असल्या थेरांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली त्याच वर्षी घरातले देव नदीत सोडले. तेव्हापासून आमच्याकडे कोणी साधा अंगारा लावलेला नाही. कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी पूर्ण वाचा.

मी अमरावतीला राजापेठेत एका छोट्या ऑफिसात आहे. आम्ही दुकानदारांची सोशल मीडियाची पेजेस चालवतो — साडीवाले, जिमवाले, शेंदूरजनाघाटचे संत्रावाले. मालकाने एकदा लॉगिन केलं की आमच्या प्रोग्रामला टोकन मिळतं, त्याच्या पेजची किल्लीच समजा. त्याने पासवर्ड बदलला की ती किल्ली मेली. मेलेली परत जिवंत होत नाही, नवीनच घ्यावी लागते. रोज सकाळी सगळी टोकनं तपासणं हे माझं काम. चालू असेल तर हिरवं, मेलं असेल तर लाल.

त्यात माझी धाकटी बहीण सुजाताचंही टोकन होतं. सुजी तेल्हाऱ्याला दिलेली. ब्लाऊज शिवायची, आरी वर्क करायची, पेज मीच बनवून दिलं होतं. नवरा नितीन हात उचलायचा. एकदा तर दात पाडला होता मेल्याने.

त्या दिवशी सुजी लाल. कारण — पासवर्ड बदललेला. तिचा फोन बंद, म्हणून नितीनला लावला.

"सुजी कुठी हाय?"

"वावरात गेली."

"सुजी अन् वावरात? काहून खोटं बोलून राहिला बे?"

"ताई, तोंड सांभाळा. पेज-बीज बंद केलं म्या तिचं. माही बायको हाय, मी पाह्यतो काय करायचं ते."

फोन कट. माझं डोकंच सटकलं. रागारागात तेच टोकन परत तपासलं... हिरवं!

शेजारच्या टेबलावर सलीमभाई बसतात. त्यांनी आपल्या मशीनवर तपासलं तर लाल. माझ्याकडे हिरवं. "सर्व्हरची गडबड असन," ते म्हणाले, आणि तेवढ्यात सुजीच्या पेजवर लाईव्ह सुरू झालं. अंधार, टिनाचं दार, कापसाचा ढीग. त्यांच्या घरामागची कोठी, मी लगेच ओळखली. नितीनचा आवाज — "शिव आता! शिवून दाखव!" मग हाडावर काहीतरी आपटल्याचा आवाज, परत तोच आवाज, आणि सुजीची किंकाळी. सलीमभाईंनी कानांवर हात ठेवले.

आम्ही त्यांच्या गाडीने सुटलो. पोलिसांना फोन केला, "गाडी पाठवतो" म्हणाले. दर्यापूर येईपर्यंत लाईव्ह बंद पडलं होतं. मांडीवर लॅपटॉप घेऊन मी एकच बटण दाबत होते. हिरवं... हिरवं... का कोण जाणे, मी धरूनच चालले की हिरवं आहे तोवर सुजी जिती आहे.

अकोटच्या अलीकडे लाल झालं.

"सलीमभाई, गेली माही सुजी!" मी गाडीत बोंबलले.

"दाबत राहा ताई. दाबत राहा."

लाल. लाल. मग... हिरवं.

तेल्हाऱ्याला पोचलो तर अंगणात गल्लीतल्या बाया जमलेल्या. सगळ्या सुजीकडून ब्लाऊज शिवून घेणाऱ्या. "आमी बी लाईव्ह पाह्यलं, पण हा पुढं येऊ देऊन नाई राहिला," एक म्हणाली. कोठीच्या दारात नितीन उभा, हातात कुऱ्हाडीचा दांडा. सलीमभाई पुढे झाले तर त्याने त्यांच्या खांद्यावर हाणला. ओट्यावर पाटा-वरवंटा होता. मी वरवंटा उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसरा घाव गुडघ्यावर घातला. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. मग बाया चपला घेऊन तुटून पडल्या. पोलिसांची गाडी आली आणि त्याला घेऊन गेली ती त्यानंतर.

आत सुजी कापसावर पडली होती. अंगाखालचा कापूस रक्ताने भिजलेला. दोन्ही हातांची बोटं त्या हलकटाने हातोड्याने ठेचली होती. कोपऱ्यात तिच्या मोबाईलचे तुकडे.

अकोल्याच्या दवाखान्यात ती बोलायला लागली. "ताई, मोबाईल तर आदल्या सांजेलेच फोडला त्यानं. मी कायचं लाईव्ह करीन?" थोड्या वेळाने म्हणाली, "मधात एकदा वाटलं, आता मरावं. डोये मिटून घेतले. मंग तुहा आवाज आला, 'गेली माही सुजी'. म्हून परत उघडले."

हे वाक्य मी तिला सांगितलेलं नव्हतं, सलीमभाईंनीही नाही.

नंतर आम्ही त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी काढल्या. सुजीचं टोकन प्रत्येक वेळी लालच होतं, माझ्या मशीनवरही. पेजवर कुठलंच लाईव्ह नाही. पण सलीमभाईंनी पाहिलं, गल्लीने पाहिलं. सगळ्यांना एकदमच भास झाला का?

सुजी आता माझ्याकडे असते. बोटं वळत नाहीत. ते जुनं टोकन मी काढलेलं नाही. रोज तपासते, रोज लाल येतं. ते हिरवं झालं होतं ते सुजीच्या जिवावर बेतलं तेव्हाच, म्हणून लाल दिसलं की मी निवांत कामाला लागते.

परवा नितीन जामिनावर सुटला. आज सकाळी घरूनच तपासलं... टोकन हिरवं आलं. सुजी समोर बसून, दोन्ही तळव्यांत कप धरून चहा पीत होती. मी तिला काही सांगितलं नाही. ठाण्यात फोन केला तर म्हणाले, "धमकी दिली का त्यानं?" नाही दिली. मग मेलेलं टोकन जितं झालं म्हणून सांगू?

याचा उलगडा माझ्याकडे नाही, तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर सांगा. दाराला कडी लावली आहे. सलीमभाई इकडे यायला निघाले आहेत. घरातला वरवंटा टेबलावर, लॅपटॉपच्या बाजूला ठेवला आहे. लिहिता लिहिता परत बटण दाबलं... अजून हिरवंच आहे.