आप्पांचा आग्रह

माझ्या लग्नात जेवण कसं वाढायचं, यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी मुलगा ठरवतानाही झाली नव्हती. नवरा पसंत करायला एक दुपार पुरली होती.

नळदुर्गात आमचं किराणाचं दुकान होतं. राज्य निजामाचं, दिवस लढाईचे, साखर कंट्रोलची. पण आमच्या हुग्गीला, म्हणजे गव्हाच्या खिरीला, लागतो गूळ, त्यामुळं लढाईनं आमचं काही अडवलं नाही. अडलं ते वाढण्यावर. आमच्यात मुलीच्या बापानं तुपाची झारी घेऊन पंगतीतून फिरायचं आणि एकेकाला आग्रह करायचा. त्यात लिंगायताला ताटात कण टाकायची सोय नाही, ताट धुऊन ते पाणीही प्यायचं. म्हणून पाहुणा ‘नको’ म्हणणार, बाप ‘घ्या’ म्हणणार, अशी ती गोड मारामारी चालायची. ज्याला आग्रह जमला नाही, त्या बापाचं हसं गावभर व्हायचं.

आणि माझे आप्पा बोलताना अडखळायचे. घरात काही नाही, पण चार परके समोर आले की पहिलं अक्षर ओठावर यायचं आणि तिथंच ठाण मांडायचं. दुकानात आप्पा तोलायचे, मी बडबडायची. माझी जीभ जन्माची तिखट. त्यांचं वाक्य अडलं की मी पुरं करून मोकळी. पण नवरी मुलगी मांडवात थोडीच आग्रहाला फिरणार?

एक दिवस आप्पांनी दस्तरखानाची गोष्ट काढली. माल आणायला हैदराबादला गेले असताना एका व्यापाऱ्याच्या घरी ते तसे जेवले होते. चादर अंथरायची, मधे भांडी मांडायची, ज्यानं त्यानं हवं तेवढं घ्यायचं. वाढपी नको, आग्रह नको. सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला की मी तिथंच ठरवलं, माझ्या लग्नात असंच जेवण व्हायचं.

जळकोटचे धाकटे काका भडकले. “अन् उष्ट्या-खरकट्याचं काय? धा जणांचे हात एका भांड्यात? सोयरे काय म्हणतील, दादा?”

“पळीनं घ्यायचं हाय, काका, हातानं न्हाय,” मी चुलीपासून ओरडले.

“पोरी, स्वतःच्या लग्नाचं बोलायलीस, जरा लाज धर!”

“माझं लगीन हाय, म्हणून तर बोलायलेय.”

काका म्हणाले, झारी घेऊन मी फिरतो. आप्पांनी मान हलवली. बाप जिता असताना दुसऱ्यानं तूप वाढायचं, हे त्यांना बोलण्याहून अवघड होतं. मग मी जेवण सोडून रुसून बसले, आई वैतागली, आणि दस्तरखान ठरलं.

लग्नात आधी स्वामींची, म्हणजे आमच्या जंगमांची, जेवणं झाली, मग मांडवात चादरी पडल्या. माकणीहून आलेली मुलाकडची मंडळी ऐसपैस बसली. हुग्गी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी, सगळं समोर होतं. मी आतल्या खिडकीतून बघत होते. कुणी हात लावेना. सगळी माणसं मांडीवर हात ठेवून हुग्गीकडं बघत बसलेली. आमच्या माणसाला ‘घ्या’ म्हटल्याशिवाय घास घेता येत नाही, हे माझ्या हुशार डोक्यात आलंच नव्हतं. आपण होऊन पळी उचलणं म्हणजे हावरेपणा. एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, “वाढायला कुणी येणार हाय का न्हाय?”

सगळा उपद्व्याप माझाच होता. काका झारीकडं धावले. त्यांच्या आधी आप्पांनी ती उचलली.

ते सरळ माझ्या सासऱ्यांसमोर गेले. ताटात हुग्गी वाढली आणि वर तुपाची धार धरली. सासऱ्यांनी रिवाजाप्रमाणं ताटावर हात आडवा धरला. “बास, पाव्हणं, बास.”

आता बोलणं भाग होतं.

“घ...” आप्पा म्हणाले. “घ... घ...”

माझ्या तोंडात तो शब्द तयार होता. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. सासऱ्यांनी हात काढला नाही आणि शब्दही पुरवला नाही. बोटांवरून तूप ओघळत होतं आणि ते आप्पांकडं बघत निवांत बसून होते.

“घ्या!”

तेव्हा कुठं त्यांनी हात बाजूला घेतला. “आता तुमी एवढं म्हणलाव, तर घ्यावंच लागंल.”

सगळा मांडव हसला, आप्पाही हसले. मग काय, ते एकेका ताटापाशी थांबले, अडखळत का होईना, पण ‘घ्या’ म्हटल्याशिवाय कुणाला सोडलं नाही. उन्हं कलली तरी जेवणं उरकेनात. लोक पोटावर हात ठेवून गयावया करायला लागले. काका म्हणाले, “अरे, दादाला कुणीतरी आवरा!”

पाठवणीला मुली रडतात. मी हसत गाडीत चढले, तर आईनं डोळे वटारले. मी गेल्यावर आप्पांसाठी बोलणार कोण, एवढीच मला काळजी होती, आणि ती मांडवातच मिटली होती. आप्पा चाकापाशी आले आणि काहीतरी सांगायला लागले. पहिलंच अक्षर अडलं. बैल जुंपलेले, गाडीवान खोळंबलेला. मी गप्प बसून राहिले.

“ये... ये... येत जा, पोरी,” आप्पा म्हणाले.

आणि मग मात्र मी रडले.