लाकडी नॉब आणि ‘तगी’

“ही न्हाय आमची गाडी,” आप्पा म्हणाले आणि गिअरवरचा हात त्यांनी मांडीवर घेतला.

निपाणीतल्या माझ्या गॅरेजातली ही गोष्ट. आप्पांचे चिरंजीव, मिलिंद सर, दार धरून तसेच उभे राहिले. वडिलांना चकित करायचं म्हणून त्यांनी एवढा खटाटोप केलेला.

गाडी म्हणजे जुनी ॲम्बॅसेडर, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली. आप्पा ड्रायव्हर; त्यांनी नोकरीभर तीच चालवली, पण ती त्यांच्या मालकीची नव्हे. मालक तंबाखूचे व्यापारी. त्यांच्या नातवंडांनी ती विकायला काढली तेव्हा बेळगावात कॉलेजवर शिकवणाऱ्या मिलिंद सरांनी घेतली. आप्पांची नजर तोवर पार गेली होती. निदान एकदा त्यांनी आपल्या गाडीत बसावं, एवढीच सरांची इच्छा.

सरांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून बारीकसारीक कामं स्वतःच केली. मी फक्त वायरिंग केलं. व्हिडिओ बघून पाना हातात घेणारी माणसं मला फारशी आवडत नाहीत, कारण पुढचं निस्तरायला ती माझ्याकडेच येतात. सरांचा हात मात्र चांगला होता. खिडकीची हँडलं, दाराच्या कड्या, सगळं ‘ओरिजिनल’ पाहिजे, हा एकच हट्ट.

“मागं बसा आप्पा, मालकावानी,” सर आधी म्हणाले होते.

“मागनं गाडी कशी दिसती ते मला ठाव न्हाय रं. म्होरंच बसतो.”

म्हणून स्टिअरिंगवर बसवलं, तर हे असं.

“आप्पा, हीच की ओ ती! नंबर त्योच हाय.”

“नंबर मी कवा हातानं बघितला? गिअरची मूठ कुठाय? लाकडाची?”

मूळचा नॉब, म्हणजे गिअरच्या दांड्याची मूठ, फार पूर्वी फुटला होता. मालकांनी मनावर घेतलं नाही. वडगावच्या एका विणकर दोस्तानं झिजलेला धोटा दिला, मागावर आडवा दोरा नेतात तो. त्याचं लाकूड तासून आप्पांनी मूठ केली आणि पुढं सगळी वर्षं तीच हातात धरली. सरांना हे ठाऊक नव्हतं. कसं असणार? मालकाच्या गाडीत ड्रायव्हरच्या पोराला कोण बसवतंय! त्यांना तो जुगाड वाटला. त्यांनी तो काढून काळा, गुळगुळीत, ओरिजिनल नॉब बसवला.

“टाकला न्हाय, आप्पा. डबीत हाय,” सर घाईनं म्हणाले. काढलेले सगळे छोटे पार्ट त्यांनी बिस्किटाच्या डबीत भरले होते. हॉर्नची कडी चकचकीत करायला ती डबी त्यांनी चिकोडीच्या प्लेटिंगवाल्याकडे नेली आणि कॉलेजच्या ऑफिसात शिकलेल्या कन्नडात सांगितलं, “डबी तगीरी,” म्हणजे डबी उघडा. कडी घरी आली. डबी तिथंच राहिली.

सरांनी लगेच फोन लावला. “डबी तगीरी, आत लाकडाचं…”

“तगदीनरी सर, अवत्त तगदीनी.” उघडली सर, त्याच दिवशी उघडली.

“उघडलीय म्हणतोय! बघितलंय त्यानं,” सर म्हणाले आणि पुढचं न ऐकता फोन ठेवला. मीही तसंच समजलो. आप्पा हसले. “जावा, घिऊन या. मी हितंच बसतो.”

माझ्या गाडीनं आम्ही चिकोडी गाठली. मराठीत ‘उघड’ वेगळं आणि ‘काढ’ वेगळं. आमच्या भागातल्या कन्नडात दोन्हीला ‘तगी’च. सरांनी सांगितलं होतं, डबी उघडा. प्लेटिंगवाल्यानं ऐकलं होतं, डबी काढून टाका. कडी तेवढी घेऊन उरलेलं त्यानं भंगारवाल्याला दिलं.

“आणि लाकूड?” मी विचारलं.

“लाकूड भंगारवाला घेत न्हाई की. पाणी तापवायला बंबात घातलं.” बिचारा कावराबावरा झाला. त्याची तरी काय चूक!

परतताना सर एकदाच बोलले. “मिस्त्री, नॉब काढायच्या आधी एकदा त्यांच्या हातात दिला असता तर?” माझा जीव हळहळला.

आप्पा गाडीतच बसून होते. सरांनी सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. “असू दे,” म्हणाले आणि उतरायला हात पुढं केला.

पुढं सरांनी वडगावातून जुना धोटा मिळवला आणि स्वतः तासून नवी मूठ केली. आप्पांनी ती सगळीकडनं चाचपली. “चांगली झालीया रं. पर ही तुझी हाय.”

आता ते गाडीत बसतात, शेजारच्या सीटवर. तिला ‘मिलिंदची गाडी’ म्हणतात. सरांना हेच ऐकायचं नव्हतं.

तेव्हापासून जुन्या गाडीचा पार्ट बदलायचा झाला की मी गिऱ्हाईकाला आधी विचारतो, “हा कुणी बसवलेला?” बहुतेकांना ठाऊक नसतं. मग मी पाना खाली ठेवतो आणि त्यांना घरी विचारून यायला सांगतो.