प्रत्येक टोमॅटोला सुस्वागतम्

एकदिलाने काम करणाऱ्यांना अशक्य असं काही नसतं. आमचे प्रधान सर माइकवरून हे सांगत होते, तेव्हा त्यांच्या मागे मशीन हिरवे टोमॅटो लालच्या क्रेटमध्ये टाकत होतं.

गोखिवऱ्यातल्या आमच्या गाळ्यात भाजी निवडायचं मशीन तयार झालं होतं. त्याचा हा पहिला डेमो. गिऱ्हाईक एकच, वसईचे वाडीवाले बस्त्याव अंकल. त्यांनी नाही म्हटलं तर सर युनिट बंद करणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी रिबन, नारळ आणि पहिल्या टोमॅटोला हळदकुंकू, यातलं सरांनी काही सोडलं नाही.

"सगळेच लाल?" अंकल म्हणाले. "माझी मिसेस चष्म्याशिवाय यापेक्षा बरं निवडते."

सरांनी माइक हाताने झाकला. "मॅडम, कुंकवामुळे कॅमेरा बिघडला का?"

"कॅमेरा ठीक आहे, सर," मी म्हटलं. "एका कोअरचं दुसऱ्याला कळत नाहीये."

"मग मीटिंग घ्या त्यांची!"

कोअर म्हणजे चिपमधले कामगार. आमच्या चिपमध्ये ते पुष्कळ. प्रत्येकाजवळ एक छोटा खण असतो, त्याला कॅश म्हणतात. मुख्य मेमरीतली माहिती लागली की तिची प्रत खणात ठेवायची आणि तीच वाचत राहायची. घरच्या कॉम्प्युटरमध्ये मूळ माहिती बदलली की हार्डवेअरच जुन्या प्रती रद्द करतं. आमच्या चिपमध्ये ते काम प्रोग्रामने करायचं असतं. इथे एक कोअर कॅमेऱ्यात बघून 'लाल' किंवा 'हिरवा' लिहायचा. दुसरा ते वाचून टोमॅटो त्या त्या क्रेटकडे वळवणारी फळी हलवायचा. पहिला टोमॅटो लाल आहे, हे दुसऱ्याने एकदा वाचलं होतं. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं होतं.

मग कालपर्यंत चालत कसं होतं? सकाळी सरांनी मशीनला जोडलेल्या टीव्हीवरचे आमचे टेस्टिंगचे मेसेज काढायला लावले होते. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून. ते मेसेज दर टोमॅटोला फळीवाला कोअरच छापायचा. छापताना खण इतका भरायचा की जुनी प्रत आपोआप बाहेर पडायची. प्रत फेकायची सूचना प्रोग्राममध्ये कुठे नव्हतीच.

"सर, नीट करायला वेळ लागेल. तोवर मेसेज परत लावू?"

"लावा. अंकलना चर्चमध्ये मिस्साला जायचंय. पण तो इंग्रजी कचरा नको. सुस्वागतम् लिहा. मोठ्या अक्षरात."

लिहिलं. मोठ्या देवनागरी अक्षरांनी खण भरून गेला, दुसरं काही त्यात टिकेना. पट्टा सुरू झाला. टोमॅटो आला, सुस्वागतम्, लाल. टोमॅटो आला, सुस्वागतम्, हिरवा. अंकल हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले.

"एकेकाचा मान ठेवतं हो," ते म्हणाले. "द्या पाठवून वाडीवर."

सरांनी भाषण पुन्हा पहिल्यापासून केलं.

दुसऱ्या दिवशी मी जुनी प्रत फेकायची ती सूचना लिहिली. मेसेज काढून तपासलं, बरोबर चाललं, आणि मशीन वाडीवर गेलं. आमच्या धंद्यात चालतंय एवढं पुरत नाही. कशामुळे चालतंय, तेही बघावं लागतं.

आठवड्याच्या आत अंकलचा फोन. "मॅडम, मशीन बिघडलं. स्वागत करत नाही."

"निवडतं ना बरोबर?"

"निवडतं. पण मिसेसचा त्याच्यावर भरवसा नाही राहिला."

मी जाऊन सुस्वागतम् परत लावून आले. त्याने पट्टा थोडा सावकाश चालतो.