नावं घेतली

काल मांडणीवरचे डबे उतरवले, तर खाली अंथरलेला आमचाच जुना अंक निघाला. पिवळा पडलेला, हिंगाचा वास लागलेला. ‘बाजारावर बॉम्ब, सात ठार.’ मथळा माझाच.

तेव्हा मी कल्याणच्या एका छोट्या दैनिकात पान लावायचे. मानपाड्याचा संदीप कुठल्याच पेपरचा नव्हता. स्वतःच्या हिमतीवर युद्धाच्या मुलखात गेलेला आणि तिथून आम्हाला बातम्या द्यायचा. त्या संध्याकाळी फोनवर त्याचा आवाज तुटत होता.

“ताई, सात नावं आहेत, लिहून घे. एका आईनं माझा हात धरून सांगितलीयत. तिची दोन पोरं आहेत त्यात.”

एकेक अक्षर विचारून मी ती वहीत उतरवली. तेवढ्यात साड्यांच्या सेलची जाहिरात आली आणि जागा गेली. नावं मीच काढली. ‘ठार’ दोन अक्षरांत बसतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, “नावं घेतलीस ना?”

“घेतली,” मी म्हटलं. आमच्या धंद्यात घेतली म्हणजे छापली. मी मनाशी म्हटलं, वहीत तर घेतलीच होती की.

“मग एक अंक ठेव. त्या आईला न्यायचाय.”

तो परत आला तेव्हा अंक संपले म्हणून सांगितलं.

काल तो अंक हातात धरून ती नावं जुळवायला बसले. सातातलं एकही नाव आठवेना. साड्यांच्या दुकानाचा पत्ता मात्र अजून पाठ आहे.